वहिनीचा डबा

रुख्माबाईनं ठरवलं म्हणजे ठरवलं. मग ब्रह्मदेव खाली उतरला तरी त्यात काना-मात्रेचा फरक व्हायचा नाही. सुनेची मुलगी चार महिन्यांची, लेकीचा मुलगा तीन महिन्यांचा. दोघांचं बारसं एकाच दिवशी, एकाच मांडवात, आणि जेवणं आटोपली की त्याच दुपारी चंचलची पाठवणी. "दोनदा मांडव कायले टाकाचा? धान गर्भात आला हाय, लोकं काय रिकामे बसले हायेत?" एवढं बोलून तिनं विषय मिटवला आणि नवरात्राची तिसरी माळ धरली.

रुचिकाला मांडव एक असो की दहा, काही सोयरसुतक नव्हतं. तिचा जीव अडकला होता एक तारखेत. आठ दिवसांनी पावसाळ्याची बंदी संपून नागझिऱ्याचं गेट उघडणार होतं. दिवस जायच्या आधी दोन हंगाम तिनं तिथं गाईड म्हणून काढले होते. अंगात खाकी शर्ट, पहाटेची जिप्सी, मागं बसलेले नागपूरचे पाहुणे आणि "मॅडम, वाघ दिसेल ना?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. गेटवरची यादी पाहणाऱ्या शालीकरामभाऊंचा चार दिवसांपूर्वी फोन आला. "रुचिका, येतेस का नाही? नाव ठेवू का कापू?" आणि घरात कोणाला न विचारता ती बोलून गेली, "ठेवा भाऊ. मी येतो."

झालं! तान्ही लेक घरी ठेवून जंगलात कामाला जाणारी सून या घरानं अजून पाहिली नव्हती. पाहुणे गेले की हळूच सांगू, असं तिनं मनाशी धरलं होतं. गोंदियाच्या राईस मिलमध्ये कामाला असलेला, शनिवारच्या शनिवारी घरी येणारा नवरा गजेंद्र, त्यालाही ती बोलली नव्हती. एकटी चंचल जाणत होती.

आता चंचल म्हणजे तिची नणंद, आणि चंचलच्याच लग्नात दोघींचं मानपानावरून असं वाजलं होतं की वर्षभर एकमेकींशी धड बोलणं नव्हतं. पण आमगावला दिलेली ही लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. रुचिकाला आई नाही, म्हणून तिचं बाळंतपण सासरीच झालं होतं. रुख्माबाईनं मागच्या खोलीत दोन बाजा टाकल्या, मध्ये शेगडी ठेवली आणि दोघींना आत घातलं. दुपारी सगळे धानाच्या बांधीत निंदणाला गेले की घर सुनं व्हायचं. दोन लेकरं आळीपाळीनं रडायची. अशात माणूस किती दिवस रुसून राहणार?

पहिल्यांदा चंचलच बोलली.

"वहिनी, एक सांगू? कोनाले सांगशील नाही ना?"

"सांग."

"सारे म्हनतेत, किती गोड पोट्टा, किती गोड पोट्टा. मले त तो कोहळ्यासारखा दिसते."

रुचिका इतकी हसली की टाके दुखायला लागले. मग रोज दुपारचा तो खेळच झाला. बाहेर बोललं तर बाया थू-थू करतील असं एकेक काढायचं. काजळानं फक्त डोळे चिकटतात, असं रुचिका म्हणाली. मेथीचे लाडू आपण गाईला घालतो, हे चंचलनं कबूल केलं. "लेकरू झोपलं का तूही झोप, म्हनतेत. मी नाही झोपत. भितीकडं पाहत बसतो. मस्त वाटते!" आणि एकदा, "बाया विचारतेत, नवऱ्याची आठवन येते का म्हून. मले त फक्त त्याच्या मोटारसायकलची येते."

एका दुपारी रुचिका म्हणाली, "चंचल, मले माही पोट्टी आवडते. पन दिवसभर नाही आवडत. दिवसभर मले जंगलात जावंसं वाटते, जिथं मले कोनी आई म्हनून पाहत नाही." बोलली आणि तिनं जीभ चावली. आता ही काय म्हणेल?

चंचलनं मांडीवरच्या लेकराला थोपटता थोपटता विचारलं, "मंग? दिवसभर आवडलंच पाहिजे, असं कोन म्हनलं?"

असं तिला कोणी म्हणालं नव्हतं. ना नवरा, ना आशाताई, ना शेजारच्या बाया. रुचिका त्या दिवशी ढसढसा रडली आणि चंचलनं दोन्ही लेकरं एकटीनं सांभाळली.

दुधाच्या पावडरीच्या डब्याचं गुपितही त्याच खोलीतलं. चंचलला दूध पुरत नव्हतं. पहिले पंधरा दिवस लेकरू रडलं की रुचिकानं उचललं, दार लोटलं आणि आपल्या अंगावर पाजलं. मग गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, वरून डब्याचं दूध द्या, त्यात काही वावगं नाही. पण चंचलला कापरं भरलं. तिची सासू चमेलीबाई हिनं थोरल्या सुनेला दूध नाही म्हणून लेकरासकट वर्षभर माहेरी बसवलं होतं, अख्ख्या आमगावाला ठाऊक होतं ते. म्हणून डबा गजेंद्रनं आणायचा, चहापत्तीच्या पुड्याखाली लपवून, आणि ठेवायचा रुचिकाच्या बोचक्यात, तिच्या लेकीच्या लंगोटांच्या मध्ये. सुनेच्या बोचक्यात कोण कशाला हात घालतं?

बारसं तर झकास झालं. चंचलनं आत्याच्या मानानं रुचिकाच्या लेकीच्या कानाशी तोंड नेऊन "भाग्यश्री" म्हटलं, बायांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले, आणि वाकल्या वाकल्याच तिनं रुचिकाकडे पाहून डोळा मारला. मुलाचं नाव त्याच्या आत्यानं, दुर्गेश्वरीनं, "गुलशन" ठेवलं. जेवणाच्या दोन पंगती उठल्या, तिसरी बसत होती. मग राहिली ती सामान मांडायची रीत.

लेकीची पाठवणी करताना तिला आणि लेकराला काय काय दिलं ते सतरंजीवर मांडून विहिणीला दाखवायचं, असं इकडे चालत आलेलं. रुख्माबाईनं कुठं हात आखडला नव्हता. पाळणा, मच्छरदाणी, चांदीचे वाळे, डझनभर अंगडी-टोपडी, डिंकाच्या लाडवांचा पिंप. "लंगोटाचं बोचकं राहिलं वं," ती ओरडली, आणि तिचा नवरा चैतराम, बिचारा दिवसभर नुसता हुकूम झेलत होता, आत जाऊन दोन्ही बोचकी घेऊन आला. त्याचाही काय दोष? रुख्माबाईनं त्याचंच एक जुनं धोतर फाडून दोन्ही बोचकी बांधली होती. कुठलं सुनेचं न् कुठलं लेकीचं, त्याला काय कळणार!

रुचिका तिसऱ्या पंगतीला भात वाढत होती. तिनं वळून पाहिलं तेव्हा दुर्गेश्वरीनं गाठ सोडलेली होती. डबा घरंगळला आणि चमेलीबाईंच्या पायाला लागून थांबला.

चमेलीबाईंनी तो उचलला, हलवून पाहिला. "डब्याचं दूध? अर्धा खाली हाय." त्यांनी बायांवरून नजर फिरवली. "कोनाच्या लेकराले पाजून राहिले हे?"

त्या चंचलकडे वळल्या.

"चंचल, मी तुले विचारून राहिली."

चंचलनं लेकराला जवळ ओढलं. मांडीवर गुलशन मूठ चोखत होता. रुचिकाला वाटलं, आता ही सांगेल की डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं. सांगितलं तर आपण जाऊन तिच्याशेजारी बसू, आपणही बोलू. तिनं भाताची परात खाली ठेवलीसुद्धा.

"वहिनीचा हाय," चंचल म्हणाली.

इथं थांबली असती तरी चाललं असतं. पण भ्यालेलं माणूस थांबत नाही. "तिच्याच बोचक्यातून निघाला ना. वहिनी एक तारखेपासून जंगलात जाऊन राहिली कामाले. म्हनून पोट्टीले डब्याची सवय लावून राहिली. तिले... तिले दिवसभर लेकरू आवडत नाही."

पहिलं खोटं होतं, ते रुचिकानं तिथल्या तिथं माफ केलं. दुसरं खरं होतं आणि आज ना उद्या सांगायचंच होतं. पण तिसरं त्या खोलीतलं होतं, टाके दुखेपर्यंत हसलेल्या दुपारींमधलं. ते पन्नास बायांसमोर असं उघडं पडलं होतं.

तिनं गजेंद्रकडे पाहिलं. तो वरणाची बादली घेऊन चार हातांवर उभा होता. डबा कोणी आणला, कोणासाठी आणला, सगळं त्याला ठाऊक. एक वाक्य पुरेसं होतं. गजेंद्रनं बादलीत पाहिलं. मग मांडवाच्या दुसऱ्या टोकाच्या वाढप्याला हाक मारली, "खेमराज, पाहा बरं, भाजी पुरते का नाही!" आणि भाजी पाहायला निघून गेला.

राहिली रुख्माबाई. रुचिकानं तिच्याकडे पाहिलं, तर ती सतरंजीवरचे वाळे पुन्हा नीट लावत होती.

"इहीनबाई," चमेलीबाई म्हणाल्या, "तुमची सून त मोठी हुशार निंघाली. माय असून लेकराले डबा! अंगावर दूध असून!"

"आजकालच्या पोरी," रुख्माबाई मान खाली घालूनच म्हणाली. "काय सांगाव बापा."

सांगायला रुचिकाला अर्धं मिनिट लागलं असतं. पण चंचल समोर बसली होती, मांडीवर ज्याला आपण पाजलं ते पोर, आणि तिची मान अशी आत ओढलेली की आता कोणी मारणार आहे. सांगितलं की आज पाठवणी होणार नाही, एवढं स्पष्ट दिसत होतं.

"हो, माहाच हाय डबा," रुचिका म्हणाली. आपला आवाज इतका मोठा येईल असं तिला वाटलं नव्हतं. "आन् एक तारखेले मी जाऊन राहिली. नाव देलं मी."

"कोनाले विचारून?" चैतराम ओसरीवरून उठला.

"कोनाले नाही."

मग जे व्हायचं ते झालं. कोणी म्हणालं, वाघाच्या तोंडी जाईल एक दिवस. कोणी म्हणालं, पोट्टी आहे म्हणून असं, पोट्टा असता तर नसती गेली. चमेलीबाईंनी डबा तिच्या बोचक्यात टाकून ते पायानं बाजूला सारलं आणि चंचलला विचारलं, "तू त नाही ना देलं माह्या नातवाले असलं काही?"

"नाही, आई," चंचल म्हणाली.

रुचिका बोचकं आणि लेक उचलून मागच्या खोलीत आली. बाजेवर बसून तिनं भाग्यश्रीला पदराखाली घेतलं. समोरची बाज सकाळीच रिकामी झाली होती, वरची गोधडीसुद्धा गेली होती. बाहेर गुलशन रडायला लागला. त्याच्या डब्याची वेळ झाली होती. थोडा वेळ गप्प झाला, म्हणजे चंचलनं अंगावर घेतलं असणार. मग पुन्हा रडायला लागला. रुचिकाच्या अंगावर दूध दाटून आलं. मेलं हे शरीर! आत्ता बाहेर एवढी शोभा झाली, तरी याला त्याच पोराचं रडू कळतं.

दार लोटून रुख्माबाई आत आली. हातात मेथीपुडीची रिकामी बरणी. तिनं कडी लावली, बोचकं सोडलं, डबा काढला आणि त्यातली पावडर बरणीत ओतू लागली.

रुचिका पाहतच राहिली. "तुमाले मालूम होतं?"

"मी त्याले रोज आंघोळ घालतो. लेकराच्या तोंडाचा वास कळत नाही का मले?" रुख्माबाईनं डब्याच्या बुडाला थापटी मारली. "मेथीपुडी म्हनून चंचलच्या सामानात जाईल. दोन दिवस पुरंल. मंग जावई आनंल, भूपेंद्र. मी त्याच्या कानात सांगतलं. बायकोचं ऐकते तो."

"किती दिवसापासून मालूम होतं?"

"डबा आला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. त्याच्या आंधी तू पाजत होतीस तेही मालूम होतं."

"मंग मांडवात बोलल्या काऊन नाही, आई?"

रुख्माबाईनं बरणीचं झाकण घट्ट बसवलं. पदरानं सांडलेली पावडर पुसली.

"बोलली असती त माही पोरगी उद्या पोरासकट परत आली असती. वर्षभर इथं बसली असती, थोरलीसारखी. तुले कोन परत पाठवते, रुचिका? तू इथंच राहनार हायेस. म्हनून तुह्यावर आलं त येऊ देलं."

"मले माय नाही म्हनून?"

रुख्माबाईनं रिकामा डबा पुन्हा बोचक्यात ठेवला. खोटं बोलायचा तिचा स्वभाव नव्हता.

"हो," ती म्हणाली.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. रुख्माबाई उठली, कडीला हात घातला आणि पाठमोरीच म्हणाली, "एक तारखेले जा तू. पोट्टीले मी पाहीन. तुहा सासरा, गजेंद्र, कोनी काही म्हनलं त माह्यावर सोड." आणि बरणी पदराखाली धरून निघून गेली.

म्हणजे मिळालं! ज्यासाठी चार दिवस तिला घास गोड लागत नव्हता, ते असं कडीला हात घालता घालता मिळून गेलं. रुचिकानं आनंद व्हायची वाट पाहिली. तो काही आला नाही.

पाठवणीला ती बाहेर आली. न येऊन कसं चालेल? चंचल सगळ्यांच्या पाया पडत पडत तिच्यापर्यंत आली, वाकली, पायांना हात लावला. तीन महिन्यांत ती एकदाही पाया पडली नव्हती. उलट शेगडीवर पाय शेकताना तिच्या पायावर पाय टाकून बसायची.

"येतो वहिनी," चंचल म्हणाली. डोळे वर केले नाहीत.

रुचिकानं तिला कुंकू लावलं. बोलायचं तर खूप होतं. एका चमच्याला पाणी किती, पाणी उकळून निवू द्यायचं, बाटली गरम पाण्यात टाकायची. तिनं हळू आवाजात विचारलं, "पान्याचं माप ध्यानात हाय ना?"

चंचलनं दचकून चमेलीबाईंकडे पाहिलं. त्या गाडीत पाळणा नीट ठेवून घेत होत्या. "कायचं माप?" चंचल मोठ्यानं म्हणाली, "मले काही समजलं नाही, वहिनी." आणि गाडीत जाऊन बसली.

गाडी गोरेगावच्या रस्त्यानं आमगावकडे निघाली. बाया डोळे पुसत पांगल्या. गजेंद्र मांडव सोडायला शिडीवर चढला आणि दिवेलागणीपर्यंत उतरला नाही. एकदा रुचिका शिडीखालून गेली तेव्हा वरून म्हणाला, "रुचिका, मी काय बोलनार होतो सांग. बहीन हाय ते माही."

"आन् मी?" तिनं विचारलं.

त्यानं दोरीची गाठ सोडली. "तू काय, तू समजून घेतेस," तो म्हणाला.

संध्याकाळी रुख्माबाई मागच्या खोलीत आली. शेगडीतली राख तिनं पत्र्यात भरली, रिकामी बाज उभी करून भिंतीला लावली. मग रुचिकाच्या मांडीवरून भाग्यश्रीला उचलून खांद्यावर घेतलं. पोर आजीच्या खांद्यावर लगेच गप्प झाली.

"गेटवर किती वाजता पोचाचं असते?"

"साडेपाचले. घरून चारले निघा लागते."

"मंग आजपासून हे माह्याजवळ झोपंल. आठ दिवसांत सवय पडाले पाहिजे. वाटी-चमच्यानं मी पाजीन, तू दूध काढून ठेवत जा." तिनं नातीची पाठ थोपटली. "तुले तरी झोप लागंल."

यात नाही म्हणण्यासारखं एक अक्षर नव्हतं. हेच तर तिनं मांडवात सगळ्यांसमोर मागून घेतलं होतं. रुचिका उठली. पहिल्या खेपेला तिनं दुपटी आणि गोधडी रुख्माबाईच्या खोलीत नेली, दुसऱ्या खेपेला लंगोट, तिसऱ्या खेपेला तेलाची वाटी आणि अंगडी-टोपडी. चौथ्या खेपेला ती परत आली तर खोलीत न्यायला काही उरलेलं नव्हतं. तरी ती दाराशी उभी राहून बराच वेळ शोधत राहिली.